माळ्यावरून उतरवलेला सीडी प्लेअर

स्लॅबच्या घरातला माळा म्हणजे मे महिन्यातली भट्टी. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा छताला लागून असलेल्या त्या जागेत हात घालवत नाही. लग्नाकार्यातली मोठी पातेली, पापडांचे डबे, जुन्या गाद्या आणि त्यांच्याच शेजारी बऱ्याच घरांत एक काळा, चपटा डबा पडून असतो. हौसेने घेतलेला सीडी प्लेअर. आखातातून कुणी आणलेला, मुंबईहून मागवलेला, नाहीतर डेकबरोबर सेटमध्ये आलेला. कधीतरी तो खाली उतरतो, फडक्याने पुसला जातो आणि मग प्रश्न निघतो: याला जरा अपग्रेड केलं तर घरच्या सेटचा आवाज सुधारेल का?

गडबड प्रश्नातच आहे. अपग्रेड म्हणजे आहे त्याहून वर जाणं. पण हा डबा मुळात आपल्या मूळच्या पातळीवर तरी आहे का? खान्देशातलं ऊन, जिनिंगच्या बाजूने उडत येणारे कापसाचे तंतू आणि शेतीपंपांच्या पाळीबरोबर खालीवर होणारं व्होल्टेज या तिघांनी वीस-पंचवीस वर्षांत त्याच्याकडून बरंच काही काढून घेतलेलं असतं. ते परत मिळवणं म्हणजे डागडुजी. माझं मत आधीच सांगून टाकतो. डागडुजीने आवाज खरोखर सुधारतो, कधी कधी ओळखू न येण्याइतका. त्यापलीकडचं बहुतेक अपग्रेड ऐकू येत नाही, ऐकू आल्यासारखं वाटतं. ते तसं का वाटतं, हेही साध्या मल्टिमीटरवर दिसतं.

सीडीचं गणित सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून १९८० साली ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ जपानात विक्रीला आला. दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनल. हे गणित त्यानंतर बदललेलं नाही. पहिल्या पिढीच्या यंत्रांत तडजोडी होत्या, हे खरं. सीडीपी-१०१ मध्ये दोन्ही चॅनलना मिळून एकच कन्व्हर्टर, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी आयसी, होता, त्यामुळे एक चॅनल दुसऱ्यापेक्षा सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे राही. फिलिप्सच्या पहिल्या यंत्रातला कन्व्हर्टर १४ बिटांचा होता आणि उरलेली कसर चौपट ओव्हरसॅम्पलिंगने, म्हणजे मधले नमुने गणिताने भरून, काढलेली होती. १९८५ च्या सुमारास टीडीए १५४१ सारखे पुरे १६ बिटांचे कन्व्हर्टर आले आणि त्या तडजोडी मागे पडल्या. आपल्याकडे सीडी प्लेअर घरोघर पोचले ते त्याच्याही नंतर. म्हणजे माळ्यावरचा डबा कच्च्या काळातला नाही. २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत अर्ध्या डेसिबलच्या आत राहणं आणि विकृती टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवणं, एवढं त्याला नवा असताना सहज जमत होतं.

खाली उतरवल्याबरोबर तो थेट प्लगात लावू नका. वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या कंडेन्सरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीच्या, आतला ऑक्साइडचा थर विरलेला असतो आणि पहिल्याच झटक्यात तो शॉर्ट होऊ शकतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले सिरीज बोर्ड वापरतात त्यामागे कारण आहे: ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब प्लेअरच्या ओळीत जोडायचा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पुढे जायचं नाही. यंत्र जपानातून आलेलं असेल तर मागची पट्टीही वाचा. १०० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० वर लावलं की पुढचा लेख वाचायची गरज उरत नाही.

आता वाचन. डिस्क फिरत नाही, 'नो डिस्क' येतं, गाणं अडखळतं. लोक लगेच 'लेन्स गेली' म्हणतात. बहुतेक वेळा ती गेलेली नसते, मळलेली असते. कूलरमध्ये खारं पाणी असेल आणि तो समोरच चालत असेल, तर त्याच्या हवेतल्या क्षारांचा पांढुरका पापुद्रा लेन्सवर चढतो. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, झाकणाचे स्क्रू काढा. डिस्क दाबून धरणारी चकती असलेला आडवा पूल दोन स्क्रूंनी सुटतो. खाली मसुरीएवढी लेन्स दिसते. लेन्स हा शब्दच मुळात लॅटिनमधल्या मसुरीवरून आलेला आहे, त्यामुळे ही उपमा उसनी नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब कापसाच्या काडीवर घ्यायचा, काडी निपटायची आणि भार न देता मधून कडेकडे एकदा-दोनदा फिरवायची. नंतर कोरडी काडी. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर राहतो. थिनर तर नकोच, पुष्कळ लेन्सा प्लास्टिकच्या असतात. लेन्स केसासारख्या तारांवर किंवा पातळ बिजागरीवर तोललेली असते. जोर दिला की ती वाकडी बसते आणि मग खरोखरच 'जाते'.

लेन्स स्वच्छ करूनही प्रत्येक डिस्क साधारण त्याच मिनिटाला अडखळत असेल तर दोष लेन्सचा नाही. सीडी आतून बाहेर वाचली जाते, लेन्सचा गाडा एका दांडीवरून सरकत जातो आणि त्या दांडीवरचं मूळचं ग्रीस इथल्या उन्हात सुकून मेणासारखं होतं. गाडा तिथे रुतला की गाणंही रुततं. जुनं ग्रीस अल्कोहोलने पूर्ण काढून प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं लावायचं. शिलाई मशीनचं तेल हाताशी असतं, म्हणून ते घालायचा मोह होतो. पण ते वाहत जातं, धूळ धरतं आणि फिरून लेन्सवरच येतं. ट्रे अर्धवट उघडून थांबत असेल तर रबरी बेल्ट ढिला झालेला आहे. जुन्या बेल्टचा आतला घेर मोजा आणि पाच ते आठ टक्के लहान घ्या. हे सगळं झाल्यावरही वाचन नीट होत नसेल, तेव्हाच पिकअप, म्हणजे लेन्स आणि लेझर असलेला अख्खा भाग, बदलायचा. केएसएस-२१३ सारखे पिकअप बदली म्हणून मिळतात. त्यांच्या छोट्या पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक बारीक थेंब घालून दोन पट्ट्या जोडलेल्या असतात. रिबन केबल बसवल्यावर तो थेंब काढावा लागतो. न काढल्यास लेझर पेटतच नाही आणि नवाकोरा पिकअप 'डुप्लिकेट' म्हणून दुकानात परत जातो. पिकअपवरचा इवलासा स्क्रू फिरवून लेझरची ताकद वाढवणारेही भेटतात. जुनं यंत्र त्याने चार दिवस धावतं आणि पाचव्या दिवशी कायमचं बसतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. लेन्स पुसल्यामुळे आवाज खुलला, तारस्वर झळाळले, असं कुणी सांगितलं तर मान डोलवा, पण विश्वास ठेवू नका. सीडीवरची माहिती तुकडे करून, दूरदूर विखरून लिहिलेली असते आणि तिच्यात दुरुस्तीची सोय असते. सलग सुमारे ४,००० बिट, म्हणजे ट्रॅकवरचे जवळपास अडीच मिलिमीटर वाचता आले नाहीत तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. त्यापुढे गेलं तर प्लेअर शेजारचे आकडे पाहून मधला अंदाजाने भरतो आणि तेही जमलं नाही तर गप्प बसतो. मळकी लेन्स टकटक करते, उडी मारते, थांबते. ती आवाज बसका करत नाही.

आवाज बसका होतो तो आकडे आवाजात बदलल्यानंतरच्या भागात. खान्देशच्या हवेचं खरं नुकसान तिथेच आहे.

प्लेअरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या पुढे ७८०५ सारखा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारी आयसी, असतो. आत १० व्होल्ट येतात, बाहेर ५ जातात, मधल्या ५ व्होल्टची उष्णता होते. अर्धा अँपिअर प्रवाह धरला तर अडीच वॅट. आता रात्री शेतातले पंप बंद झाले, लाइनवरचा भार उतरला आणि घरातलं व्होल्टेज २३० चं २६० झालं असं समजा. आतले १० व्होल्ट ११.३ होतात, रेग्युलेटरवर ६.३ व्होल्ट पडतात आणि उष्णता ३.१५ वॅटवर जाते. व्होल्टेज तेरा टक्क्यांनी वाढलं, पण उष्णता सव्वापट झाली. हे सगळं निवांत गाणी ऐकायच्या वेळेला. त्या रेग्युलेटरला खेटून कंडेन्सर बसवलेले असतात. कंडेन्सरच्या अंगावर '८५°' लिहिलेलं असतं. अशा साध्या मालाची मुदत त्या तापमानाला साधारण २,००० तास असते आणि दर १० अंश कमी झाले की ती दुप्पट होते. खोली २५ अंशांवर आणि डब्याचं आतलं तापमान त्याहून २५ ने जास्त, म्हणजे ५०, असेल तर हिशेब साडेबावीस हजार तासांचा येतो. खोली ४० अंशांवर, आत ६५, तर ८,००० तासच. रोज तीन तास वाजवलं तर सात वर्षं आणि थोडे महिने. तोच माल, तोच कारखाना, फरक फक्त गावाचा.

कंडेन्सर सुकला म्हणजे काय होतं? पुरवठ्यातला सुकला तर मागे १०० हर्ट्झची गुणगुण येते, डिस्प्ले मंदावतो, कधी डिस्क मधेच थांबते. आवाजाच्या वाटेवरचा, म्हणजे आउटपुटचा, सुकला तर खर्ज जातो. याचा हिशेब सोपा आहे. १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १० किलोओहमच्या अँप्लिफायरला जोडला तर त्याची खालची हद्द १.६ हर्ट्झ असते, ऐकण्याच्या कितीतरी खाली. तोच सुकून ०.२ मायक्रोफॅरडवर आला की हद्द ८० हर्ट्झवर चढते. तबल्याच्या बायाँचा घुमारा आणि ढोलकीची धूम जिथे असते ते सगळं निम्मं होतं. डावा आणि उजवा सारखे सुकले नाहीत तर गाणारा मध्यभागी उभाच राहत नाही, एका बाजूला कलतो. असा प्लेअर ऐकून 'सीडीचा आवाज कोरडा असतो' असं मत झालेले पुष्कळ लोक आहेत. त्यांनी सीडी ऐकलेलीच नसते, सुकलेला कंडेन्सर ऐकलेला असतो.

बदलताना आधी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक कंडेन्सरची ऋण बाजू कुठे आहे ते त्यात दिसलं पाहिजे. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं. उंचीही बघा, झाकण लागायला हवं. पुरवठ्यातले दोन-चार मोठे, सहसा २,२०० किंवा ३,३०० मायक्रोफॅरडचे, आणि आउटपुटकडचे आठ-दहा छोटे बदलले की काम झालं. पाटीवरचे सगळेच उपटायची गरज नसते. जुन्या पाटीचे तांब्याचे ठिपके जास्त तापवले की उखडून येतात आणि डागडुजीतून नवी दुखणी उभी राहतात. २,२०० च्या जागी १०,००० घालून 'बेस वाढवणारे' कारागीरही आहेत. बेस वाढत नाही. चालू करताना डायोडवर पडणारा झटका मात्र वाढतो. माल कुठून घ्यावा? जळगावात गोलाणी मार्केटला फिरून पाहा. नेमकी मापं मिळाली नाहीत तर मुंबईचं लॅमिंग्टन रोड आहेच. रंगीत आवरणातला, नामांकित जपानी नाव छापलेला आणि हाताला पिसासारखा हलका लागणारा कंडेन्सर दिसला तर तो घेऊ नका.

आउटपुटजवळ एक छोटा रिले किंवा दोन-चार ट्रान्झिस्टर असतात. डिस्क सुरू होताना येणारा 'धप्प' आवाज ते दाबून ठेवतात. रिलेचे संपर्क काळे पडले की एक चॅनल बारीक होतो, चापट मारली की परत येतो. झाकण उघडणारा रिले असेल तर अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी संपर्कांमधून ओढली की पुरतं. सँडपेपर नको, वरचा मुलामाच निघून जातो.

इथवर डागडुजी. इथून पुढे 'अपग्रेड'चा बाजार सुरू होतो.

पहिलं दुकान ऑप-अँपचं, म्हणजे कन्व्हर्टरनंतर आवाजाचा संकेत वाढवणाऱ्या आयसीचं. आत बसवलेली ४५५८ काढून तिच्या जागी महागडी, वेगवान आयसी. वेग किती लागतो ते मोजू. सीडी प्लेअरचा पूर्ण आउटपुट २ व्होल्ट, म्हणजे शिखरावर २.८३. तेवढा आवाज २० किलोहर्ट्झला काढायचा, तर मायक्रोसेकंदाला ०.३६ व्होल्ट इतका वेग लागतो. गरीब बिचारी ४५५८ मायक्रोसेकंदाला १ व्होल्ट देते. एनई ५५३२ देते ९. गरज पायी जायची आहे, घोडा आधीच दारात आहे आणि आपण विमानाचं तिकीट काढतोय. शिवाय फार वेगवान आयसी जुन्या पाटीवर स्वतःच कंप पावू लागते. पुरवठ्याच्या पायांना चिकटून १०० नॅनोफॅरडचा कंडेन्सर नसेल तर ती तापते आणि आवाजाला एक बोचरी कड येते. काहींना ती कड 'डिटेल' वाटते.

दुसरं दुकान डिजिटल फिल्टर, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग करणारा भाग, काढून टाकण्याचं. टीडीए १५४१ किंवा १५४३ असलेल्या यंत्रांवर हे हमखास करतात आणि आवाज 'अ‍ॅनालॉग' झाला म्हणतात. फरक इथे खराच ऐकू येतो. फिल्टर काढला की २० किलोहर्ट्झला ३.२ डेसिबलची घट येते, तारस्वर वरच्या टोकाला मऊ होतात. ट्रेबलची कळ थोडी मागे फिरवली असती तर जवळपास तेच झालं असतं, आणि गरज संपल्यावर ती परत पुढेही घेता आली असती.

तिसरं दुकान नव्या क्लॉकचं, म्हणजे जिटर (नमुन्यांच्या वेळेतली बारीक मागेपुढे) कमी करण्याचं. २००५ साली जपानी संशोधकांनी केलेल्या चाचण्यांत संगीतातला यादृच्छिक जिटर काहीशे नॅनोसेकंदांच्या खाली कुणालाही ओळखता आला नव्हता. ठीकठाक सीडी प्लेअर एका नॅनोसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. केबली, फ्यूज, डिस्कच्या कडेला हिरवा मार्कर यांच्यावर शब्द खर्च करत नाही.

बाहेरचा डॅक, म्हणजे वेगळ्या डब्यातला कन्व्हर्टर, लावणं हे मात्र वेळप्रसंगी शहाणपणाचं आहे. वाचन उत्तम आणि आउटपुटचा भाग गेलेला असेल, आणि मागे 'डिजिटल आउट' असेल, तर पाटी उकरत बसण्यापेक्षा छोटा डॅक स्वस्त पडतो. कोएक्सियल जोडायला ७५ ओहमची केबल लागते. छतावरच्या डिशची केबल ७५ ओहमचीच असते. तिचा मीटरभर तुकडा आणि दोन आरसीए पिना, महागड्या केबलीचं काम झालं. केबल जरा ताठ असते एवढंच. ऑप्टिकल असेल तर टोकावरची प्लास्टिकची टोपी काढायला विसरू नका. पडून असलेला डीव्हीडी प्लेअरही कोएक्सियलमधून अगदी तेच आकडे देतो.

पण डॅक लावला आणि आवाज 'उघडला', खर्ज 'घट्ट' झाला, तेव्हा थांबा. जुना प्लेअर २.० व्होल्ट देत होता आणि डॅक २.३ देतोय असं असू शकतं. तो १.२ डेसिबलचा फरक झाला. एवढा फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'चांगला आवाज' म्हणून कळतो. अर्धाअधिक अपग्रेडचा बाजार या एका डेसिबलवर उभा आहे.

बरं, आपण वाजवतो काय? खान्देशात असोद्या-बामणोदची वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजून भरीत होतं. वांगंच जून असेल तर पऱ्हाट्या बदलून उपयोग नाही. घरोघरच्या डिस्कांपैकी बऱ्याच एकेकाळी एसटी स्टँडवर मिळायच्या त्या 'एका सीडीत दीडशे गाणी' छापाच्या आहेत. ती एमपी३ सीडी. साध्या ऑडिओ सीडीत सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट असतात, तर या गाण्यांत बहुधा १ लाख २८ हजार. याहून फसवा प्रकार म्हणजे एमपी३ गाणी परत ऑडिओ सीडीच्या साच्यात जाळून विकलेली. ती कोणत्याही प्लेअरवर चालते आणि अस्सल वाटते. संगणकात घालून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी कोणते स्वर आहेत त्याचं चित्र, पाहा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर मूळ एमपी३ आहे. त्या रेघेच्या वरचं कुठलाही डॅक परत आणू शकत नाही. आडातच नाही. जुन्या गाण्यांवर वरून ताल चढवलेल्या झंकार आवृत्त्या, आणि नव्वदनंतर आवाज चढा ठेवण्याच्या स्पर्धेत दाबून सपाट केलेल्या नव्या आवृत्त्या यांचंही तेच. एकाच अल्बमच्या दोन वेगळ्या छपाईंतला फरक दोन प्लेअरमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. पैसे घालायचेच असतील तर जुनी, न दाबलेली छपाई शोधण्यात घाला. स्वतः जाळलेली डिस्क जुन्या यंत्राला जड जाते, तिचं परावर्तन छापील डिस्कपेक्षा कमी असतं. आरडब्ल्यू डिस्कचं तर १५ ते २५ टक्केच असतं, ती न वाचणं हा यंत्राचा दोष नव्हे. आणि डिस्क ठेवताना छापील बाजूला जपा. माहितीचा थर त्या बाजूला, लेबलाच्या लगेच खाली असतो. चकचकीत बाजूवरचा ओरखडा पॉलिशने जातो, लेबलवरचा थेट गाणं घेऊन जातो.

उरली खोली. माझ्या मते प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर इथे आहे आणि कुणालाच ते ऐकायचं नसतं, कारण खोली विकत आणता येत नाही.

१० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली घ्या. रुंदी आणि उंची सारखी, ३.०५ मीटर. या अंतरात ५६ हर्ट्झची लाट बरोबर अर्धी मावते आणि दोन्ही दिशांनी एकाच जागी घुमते. १२ फुटांच्या दिशेने तोच प्रकार ४७ हर्ट्झला. परिणाम असा की खर्जातला एखादा स्वर भिंतीलगत १० डेसिबलने वर येतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. प्लेअरचा फरक अर्ध्या डेसिबलचा, खोलीचा दहाचा. गंमत म्हणजे मे महिन्यात हे आकडे सरकतात: ४० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३५५ मीटर होतो आणि ५६ चे ५८ हर्ट्झ. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंती, लाकडाचं पाटण आणि वर माती असे. तिथे वरचे स्वर इतके उसळत नसत. आता चकचकीत फरशी, गिलावा, काचेचं शोकेस. टाळी वाजवली की झणझण ऐकू येते. कापसाच्या मुलखात यावर उपाय शोधायला लांब जायला नको. माळ्यावरच्या त्या जुन्या गाद्या. चार इंची गादी बसण्याच्या जागेमागे, भिंतीपासून हातभर सोडून उभी केली की मधले आणि वरचे स्वर निवळतात, शब्द स्वच्छ होतात. ५६ हर्ट्झला ती काही करत नाही, त्या लाटेचा पाव भागच दीड मीटरचा आहे. तिथे बसायची जागा हलवावी लागते. खोलीच्या मध्यावरून उठून लांबीच्या तिसऱ्या हिश्शाजवळ बसून पाहा.

स्पीकर बहुतेक घरांत कोपऱ्यात, उंच फळीवर किंवा शोकेसच्या खणात कोंबलेले असतात. जवळची प्रत्येक भिंत खर्जात ६ डेसिबलपर्यंत भर घालते आणि कोपऱ्यात तीन पृष्ठभाग एकत्र येतात. म्हणून गाणं हंड्यात घातल्यासारखं वाटतं. कानाच्या उंचीवर, भिंतीपासून दीड फूट पुढे, आपण आणि दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण होईल असे ठेवा. यासाठी खर्च शून्य. जाळी काढून स्पीकरच्या शंकूच्या, म्हणजे कोनाच्या, कडेचा फोमही बोटाने हलकेच दाबून पाहा. भुगा झाला असेल तर तो स्पीकर कुठल्याही प्लेअरला सुधारता येणार नाही. कोन आणि चुंबक शाबूत असतील तर आठ इंचीची नवी फोम-कड आणि योग्य गोंद एवढ्याने तो पुन्हा उभा राहतो. कड चिकटवताना कोन बोटांनी वरखाली करून घासतो का ते ऐकायचं आणि गोंद वाळेपर्यंत दिवसभर हात लावायचा नाही.

एवढं करूनही अपग्रेडची खुमखुमी राहिली तर परीक्षा घ्या. एकाच डिस्कच्या दोन प्रती, दोन यंत्रं, अँप्लिफायरचे दोन इनपुट. ४०० हर्ट्झचा स्वर मध्यम आवाजात वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. स्वस्त मीटर १ किलोहर्ट्झला चुकतात, ४०० पर्यंत बरे असतात. दोन्ही आकडे टक्काभराच्या आत जुळले पाहिजेत. मग घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून यंत्र निवडायला सांगा आणि तुम्ही यंत्रांकडे पाठ फिरवून ओळखा. सोळा वेळा. बारा किंवा जास्त बरोबर आली तर फरक असण्याची शक्यता आहे. निव्वळ अंदाजाने तेवढं शंभरात चारच वेळा जमतं. आठ-नऊ आली तर नाणं आणि कान यांत फरक नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका मोठ्या चाचणीत सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण सरळ ऐकवलं आणि तेच सीडीच्या १६ बिटांतून काढूनही ऐकवलं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर आले.

परीक्षेची वेळ पहाटेची ठेवा. दिवसा कूलर चालू असताना खोलीतला गोंगाटच साठ डेसिबलच्या घरात असतो, त्यात मंद आलाप आणि तानपुऱ्याची आस आधीच बुडालेली असते. इन्व्हर्टरवर तर घेऊच नका. स्क्वेअर वेव्हवाला असेल तर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतो आणि दोन्ही यंत्रं सारखीच वाईट ठरतात.

झाकण लावण्यापूर्वी एक चिठ्ठी आत चिकटवा: कोणते कंडेन्सर बदलले, किती मायक्रोफॅरडचे, कोणत्या महिन्यात, बेल्टचा घेर किती. पेनने नको, शाई उडते, पेन्सिलीने. आणि यंत्र माळ्यावर परत चढवू नका. खोलीतल्या सगळ्यात खालच्या, हवेशीर खणात ठेवा, डोक्यावर अँप्लिफायर न रचता. माळ्यावर त्या जागी आता गादीही नाही, ती खाली स्पीकरसमोरच्या भिंतीला उभी आहे.